काम बंद, पगाराचे काय?

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या दापोली तालुक्यात कारखान्याचा भोंगा ऐकू येत नाही. तरीही ‘काम बंद पडले’ हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे घर येथे शोधूनही सापडणार नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्रात जाण्यास मनाई असते. त्या दिवसांत हर्णैचे बंदर ओस पडते आणि खलाशी आपापल्या गावी जातात. आंब्याचा हंगाम सरला की बागेतली आणि पेट्या भरण्याची कामे थांबतात. पावसाने धरले की चिरेखाणी बंद होतात. हे झाले दर वर्षीचे. २०२० साली तर २५ मार्चला अवघा देशच बंद झाला, आणि तो उघडतो न उघडतो तोच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने आपल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या.

काम थांबते, पण पोट थांबत नाही. दुकानदाराची उधारी, घरभाडे, धाकट्या भावंडांची फी यांना ‘सध्या काम बंद आहे’ असे सांगता येत नाही. अशा वेळी मालक म्हणतो, “कामच नाही, तर दाम कोठून देऊ?” आणि कामगार म्हणतो, “मी तर दारात उभा आहे. काम देत नाही ते तुम्ही!” गंमत अशी की दोघांचेही म्हणणे खरे असते. मग या दोन खऱ्यांमध्ये निवाडा कोणी करायचा? येथेच कायदा येतो. वर्गात आपण मजुरीचे सिद्धान्त शिकतो. परंतु मजुरी जेव्हा थांबते, त्या दिवसांविषयी आपल्याला फारशी माहिती नसते. प्रस्तुत लेखात त्या दिवसांचा विचार करण्याचे योजिले आहे.

शब्दांचा घोळ

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. कारण ‘बंद’ या एकाच शब्दाने आपण अनेक गोष्टी बोलतो आणि प्रत्येकीत पगाराचा हक्क मात्र निराळा असतो.

कामगारांनी आपण होऊन, एकजुटीने काम थांबविले तर तो संप. मालकाने कामगारांना वठणीवर आणण्यासाठी दरवाजाला कुलूप लावले तर ती टाळेबंदी. मालकाला कोळसा, वीज किंवा कच्चा माल मिळेना, तयार मालाचे ढीग पडून राहिले, यंत्र मोडले किंवा नैसर्गिक आपत्ती कोसळली, आणि त्यामुळे हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराला तो काम देऊ शकला नाही, तर त्याला ‘ले-ऑफ’ म्हणतात. ले-ऑफमध्ये नोकरी तुटत नाही. ती जणू निजलेली असते. नोकरीच तुटली तर ती कामगार कपात. आणि उद्योगाचा गाशाच गुंडाळला तर ती कायमची बंदी.

२०२० साली वर्तमानपत्रांनी ‘लॉकडाऊन’लाही ‘टाळेबंदी’ म्हटले. त्यामुळे अनेकांचा समज झाला की मालकाने टाळे लावले. वस्तुतः ते टाळे सरकारने लावले होते आणि मालकही त्याच्या आतच अडकला होता. कायद्याच्या भाषेतील टाळेबंदी हे मालकाचे हत्यार असते. ले-ऑफ ही मालकाची अडचण असते. हत्यार उपसणाऱ्याकडे आणि अडचणीत सापडलेल्याकडे कायदा एकाच नजरेने कसा पाहील?

संपाच्या बाबतीत ‘काम नाही तर दाम नाही’ हे सर्वसाधारण सूत्र आहे. संप कायदेशीरही असला पाहिजे आणि समर्थनीयही असला पाहिजे, तरच त्या दिवसांचा पगार मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली सिंडिकेट बँकेच्या खटल्यात स्पष्ट केले. आपल्याकडे याचे उदाहरण द्यायला लांब जावे लागत नाही. २०२१ च्या अखेरीस एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, दापोलीचा स्टँड सुना पडला आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांचे कॉलेज बुडाले. उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर होण्यास सांगितले, तोवर कित्येक घरांनी पगाराविना महिने काढले होते. संपाची किंमत प्रथम संपकऱ्याच्या चुलीला मोजावी लागते, ही गोष्ट संपाला नावे ठेवणाऱ्यांनी आणि संपाची घोषणा करणाऱ्यांनी, दोघांनीही ध्यानात ठेवावी.

अर्धा पगार आला कोठून?

हात चालत नसतानाही कामगाराला काही तरी मिळाले पाहिजे, हा विचार आपल्याकडे आकाशातून पडलेला नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यात आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, आणि कामावर जखमी झालेल्या माणसाला तो बरा होईपर्यंत पगार, अशा मागण्या होत्या. यातील शेवटची मागणी आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. गिरणीत हात मोडला तर तो एकट्या कामगाराचा दोष नव्हे. मग त्याचा भार त्याने एकट्याने का सोसावा, असा तो प्रश्न होता. रविवारची सुट्टी मिळण्यासही १८९० साल उजाडावे लागले.

पुढे कामगारांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव येते. त्यांच्या बालपणीचा काही काळ आपल्या कॅम्प दापोलीत गेला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या मुंबई इलाख्यातील विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी झालेल्या एक दिवसाच्या संपाचे ते एक प्रमुख पुढारी होते, हेही तितक्याच अभिमानाने सांगावयास हवे.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, औद्योगिक विवाद कायदा झाला. पण त्यात ले-ऑफची भरपाई नव्हती. १९५३ साली कापड गिरण्यांत मालाचे साठे तुंबले आणि कामगारांवर घरी बसण्याची पाळी येणार अशी चिन्हे दिसू लागली. तेव्हा व्ही. व्ही. गिरी हे केंद्रीय मजूरमंत्री होते. २४ ऑक्टोबर १९५३ रोजी वटहुकूम निघाला, मागाहून त्याचा कायदा झाला, आणि ‘मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या निम्मे’ ही भरपाई देशभर लागू झाली.

निम्मेच का? कारण अरिष्ट कोणाच्याच दोषाने आलेले नसते. मालकाचा धंदा बुडतो, कामगाराचा रोज बुडतो. तोटा दोघांनी वाटून घ्यावा, हे त्यामागील साधे तत्त्व. आपल्याकडे भातशेती बुडाल्यावर खंडकरी आणि जमीनमालक जसे बसून तडजोड करीत, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे तडजोड मालकाच्या मर्जीवर सोडलेली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या कायद्याची जागा ‘औद्योगिक संबंध संहिता, २०२०’ने घेतली आहे. मात्र निम्म्या भरपाईचे हे तत्त्व नव्या संहितेतही कायम आहे.

हिशेब कसा करावा?

समजा, एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १३,००० रुपये होतो. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर रोज पडला ५०० रुपये. यंत्र बिघडल्यामुळे त्याला २० कामाचे दिवस ले-ऑफ मिळाला. मग काम केलेल्या ६ दिवसांचे ३,००० आणि ले-ऑफच्या २० दिवसांचे रोजी २५० प्रमाणे ५,००० असे ८,००० रुपये त्याच्या हाती यावयास हवेत. मधल्या साप्ताहिक सुट्ट्यांची भरपाई मिळत नाही. प्रवासभत्ता, जेवणभत्ता वगैरे यात धरत नाहीत. म्हणून पगाराच्या चिठ्ठीवर मूळ पगार किती आणि ‘इतर भत्ते’ किती हे आधीच पाहून ठेवावे. एरवी त्या दोन रकान्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. काम बंद पडले की त्यांचे महत्त्व कळते.

ही भरपाई मिळण्यास काही अटी आहेत. कामगाराचे नाव हजेरीपटावर हवे. त्याची सलग एक वर्ष नोकरी झालेली असावी. ‘एक वर्ष’ म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम. आणि नियमानुसार ले-ऑफवर काढलेले दिवसही या २४० मध्ये मोजले जातात. दुसरे म्हणजे त्याने कामाच्या वेळी दररोज एकदा तरी दारावर हजेरी लावली पाहिजे. हजर झाल्यावर दोन तासांत काम मिळाले नाही तर त्या दिवसाचा ले-ऑफ झाला असे समजतात. पाळीच्या उत्तरार्धात या असे सांगितले तर अर्ध्या दिवसाचा ले-ऑफ. त्याच मालकाने जवळपास, त्याच पगाराचे आणि जमण्याजोगे दुसरे काम देऊ केले व कामगाराने ते नाकारले, तर भरपाईचा हक्क जातो. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या खात्यात संप असल्यामुळे काम थांबले असेल, तरीही भरपाई मिळत नाही.

एका वर्षात ले-ऑफ ४५ दिवसांच्या पुढे गेला तर काय? पुढील दिवसांची भरपाई द्यायची नाही असा करार आधी झालेला असेल तर ती थांबते. करार नसेल तर चालू राहते. मात्र ४५ दिवसांनंतर मालक रीतसर कामगार कपात करू शकतो. त्या वेळी दर पूर्ण वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो, आणि आधी दिलेली ले-ऑफची रक्कम त्यातून वळती करून घेता येते. म्हणजे ४५ वा दिवस ही धोक्याची खूण होय. तो उलटला की ‘निजलेली’ नोकरी जागी होईल की कायमची जाईल, याचा फैसला जवळ येतो.

मोठ्या कारखान्यांना आणखी एक लगाम आहे. वीजटंचाई किंवा नैसर्गिक आपत्ती यांसारखी कारणे सोडली, तर त्यांना ले-ऑफपूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते. १९७६ साली ही तरतूद आली तेव्हा ती ३०० कामगारांच्या कारखान्यांना लागू होती. नंतर ही संख्या १०० वर आणली गेली; नव्या संहितेने ती पुन्हा ३०० केली आहे. उद्योजक म्हणतात, याने धंद्याला मोकळा श्वास मिळेल. कामगार संघटना म्हणतात, शंभर ते तीनशेमधल्या कारखान्यांतील कामगारांचे छत्र गेले. अर्थशास्त्राच्या वादस्पर्धेला यापरता चांगला विषय मिळणार नाही.

कुंपणाबाहेरची माणसे

येथवर वाचून कोणाला वाटेल की चला, काम बंद पडले तरी निम्मा पगार खिशात! पण आता आपल्या तालुक्याकडे पाहू. ही भरपाई ५० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होते. मोसमी स्वरूपाचे उद्योग तीतून वगळलेले आहेत. आणि १९५३ पासून तिचा रोख कारखाना, खाण व मळा यांच्यावर राहिला आहे. आता सांगा, मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावरील किती खानावळींत ५० माणसे कामाला आहेत? बाजारपेठेतील कापडाच्या दुकानात किती? आंब्याचा रस काढण्याचे काम मोसमी नव्हे तर काय? हर्णैच्या होडीवर तांडेल आणि खलाशी यांचा कोठे वाटा असतो, कोठे हंगामाचा ठरलेला पगार. तेथे हजेरीपट कोणता? म्हणजे आपल्या गावची बहुतेक माणसे या कुंपणाच्या बाहेरच उभी आहेत.

तर मग त्यांना काहीच आधार नाही काय? येथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. मुंबईतील फायरस्टोन टायर कंपनीच्या कारखान्यात संप झाला. दिल्लीच्या तिच्या कचेरीत माल येईना, तेव्हा कंपनीने तेथील काही कर्मचाऱ्यांना ले-ऑफ दिला. त्या कचेरीत ५० माणसे नव्हती. तेव्हा निम्म्या भरपाईचे कलम तेथे लागू नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७६ साली निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की ले-ऑफ देणे हा मालकाचा जन्मसिद्ध अधिकार नाही. तो अधिकार नोकरीच्या करारात, स्थायी आदेशांत किंवा कायद्यात असावा लागतो. तो कोठेच नसेल, तर घरी बसविलेल्या माणसाला वेतन मागण्याचा हक्क राहतो.

हा निकाल मी प्रथम वाचला तेव्हा दोनदा वाचला. लहान आस्थापनेतील कामगाराला ‘निम्मे’ मिळत नाही, हे आपण सगळे धरून चालतो. म्हणून त्याला काहीच मिळत नाही, असा निष्कर्षही काढतो. परंतु कायद्याचे तर्कशास्त्र उलटे आहे. निम्म्याचे कलम हे खरे तर मालकालाही एक सवलत आहे. जेथे ते लागू नाही आणि करारातही काही नाही, तेथे मूळ प्रश्न उभाच राहतो : माणूस काम करायला तयार होता, नोकरी शाबूत होती, मग वेतन का नाही? अर्थात हा हक्क कोर्टात उभे राहून मागावा लागतो, आणि खानावळीत ताटे धुणाऱ्या बाईला कोर्टाची पायरी परवडत नाही, हेही तितकेच खरे.

बदली कामगारांची कथा आणखी वेगळी. माझे आजोबा मुंबईच्या एका कापड गिरणीत बदली होते. रोज सकाळी दारावर जाऊन उभे राहायचे. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तर आत जायचे, नसेल तर परत खोलीवर. अशा बदली कामगाराला ले-ऑफची भरपाई नाही. कारण त्याला काम देण्याचे वचनच कोणी दिलेले नसते. मात्र सलग वर्षभराची नोकरी भरली की भरपाईपुरता तो ‘बदली’ राहत नाही, असे कायदा म्हणतो. आजोबांना हे कोणी सांगितले नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतला फार मोठा भाग आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातला. तो संप होता, ले-ऑफ नव्हता. म्हणून निम्म्या पगाराचा प्रश्नच आला नाही. संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी जाहीर केले नाही, आणि कित्येक गिरण्यांची धुराडी पुन्हा पेटली नाहीत. आजोबा गावी आले ते भातशेतीलाच लागले. तात्पुरता बंद कायमचा कधी झाला ते त्यांना समजले नाही. आमच्या घरातली शिक्षणाची वाट त्या बंदमुळे एक पिढी मागे सरली, असे माझे वडील म्हणतात.

२०२० चा धडा

२५ मार्च २०२० रोजी देशभर सर्व बंद झाले. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला की उद्योग असो वा दुकान, बंदच्या काळातील कामगारांचे वेतन ठरल्या तारखेला, कोणतीही कपात न करता द्यावे. म्हणजे निम्मे नव्हे, पूर्ण! १७ मे रोजी सरकारने हा आदेश पुढील दिवसापासून मागे घेतला. म्हणजे तो ५० दिवस जगला.

त्या ५० दिवसांवरून मालक न्यायालयात गेले. धंदाच बंद असताना पूर्ण पगार कोठून द्यायचा, हा त्यांचा सवाल होता. ३० एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने काही कारखान्यांच्या बाबतीत सांगितले की वेतन द्यावे, पण जे कामगार कामावर येतच नाहीत त्यांचा प्रवासभत्ता आणि जेवणभत्ता वगळला तरी चालेल. सर्वोच्च न्यायालयाने १२ जून २०२० रोजी फायकस पॅक्स या कंपनीच्या अर्जावर अंतरिम आदेश दिला : मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, मालक आणि कामगार यांनी त्या ५० दिवसांच्या वेतनाविषयी आपसांत वाटाघाटी कराव्यात, आणि त्यांचे न जमल्यास कामगार खात्याने मध्यस्थी करावी.

वाटाघाट हा शब्द ऐकायला गोड आहे. पण वाटाघाट दोन बरोबरीच्या माणसांत होते. जेथे संघटना आहे, तेथे ती झाली. जेथे एकटा-दुकटा गडी आहे, तेथे मालक म्हणेल ती पूर्वदिशा. माझा थोरला भाऊ तेव्हा एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होता. दोन महिने त्याला छदाम मिळाला नाही. कारखाना म्हणे, “तू आमच्या मस्टरवर नाहीस, ठेकेदाराला विचार.” ठेकेदार म्हणे, “कारखान्याकडून बिल आले की देतो.” या दोन दारांमध्ये माझा भाऊ येरझारा घालीत राहिला, आणि जिल्हा बंद असल्याने त्या येरझाराही फोनवरच. वास्तविक ठेकेदाराने वेतन चुकविले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, असे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट होते, आणि नव्या संहितांतही ते तत्त्व टिकविले आहे. आमच्या घरात तेव्हा हे एकालाही ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर पैसे लगेच मिळाले असते असे नव्हे. पण ‘विचारायचे कोणाला’ हा प्रश्न तरी पडला नसता.

त्याच वर्षी दुसरे काही देश काय करीत होते, तेही पाहण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये घरी बसविलेल्या कामगाराच्या वेतनाचा ८० टक्के भाग, महिना २,५०० पौंडांच्या मर्यादेत, सरकारने देऊ केला. ही योजना सप्टेंबर २०२१ पर्यंत चालली. जर्मनीत तर अपुऱ्या कामाच्या काळात बुडालेल्या निव्वळ वेतनाचे ६० टक्के, मूल असल्यास ६७ टक्के, देण्याची जुनीच व्यवस्था आहे. तेथे तोट्याचे तीन वाटे पडतात : मालक, कामगार आणि समाज. आपल्याकडे विमा योजनेतील कामगाराची नोकरी गेली तर ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’खाली मिळणारी मदत २०२० साली सरासरी कमाईच्या २५ टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आली, तीही ९० दिवसांपर्यंत, आणि भविष्य निर्वाह निधीतून उचल घेण्याची मुभाही मिळाली. पण पहिलीचा लाभ विम्याचे कार्ड असणाऱ्यालाच, आणि दुसरी तर ज्याची त्याचीच पुंजी! कुंपणाबाहेरचा माणूस येथेही बाहेरच राहिला.

मालकांची बाजूही मांडली पाहिजे, नाही तर लेख एकांगी होईल. दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देणारा आणि एक मदतनीस ठेवणारा घरमालक हा काही भांडवलदार नव्हे. वादळात त्याचेच छप्पर उडालेले असते. त्याला पूर्ण वेतन द्या म्हणणे म्हणजे बुडत्याने बुडत्याला धरावे तसे आहे. म्हणूनच लहान आस्थापनांतील कामगारांसाठी केवळ मालकावर बोट दाखवून भागणार नाही. सर्वांनी थोडे थोडे भरलेला एखादा निधी हवा. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून काम मागण्याचा हक्क मान्य केला आणि देशाला वाट दाखविली. काम देता आले नाही तर भत्ता द्यावा, हे तत्त्वही त्या कायद्यात होते. मग खलाशाच्या ६१ दिवसांचा आणि चिरेखाणीवरल्या मजुराच्या पावसाळ्याचा विचार महाराष्ट्राला अवघड का वाटावा?

आपण काय करावे?

आपल्यापैकी बहुतेक जण पदवी हाती पडली की लोटे-परशुरामच्या वसाहतीत, पुण्याला किंवा मुंबईला नोकरी शोधणार. कित्येकांचे भाऊबंद आजच तेथे आहेत. त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी सांगतो.

नेमणुकीचा कागद मागून घ्यावा आणि त्यात ले-ऑफविषयी काही लिहिले आहे का ते सही करण्यापूर्वी वाचावे. पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्र आणि हजेरीची नोंद जपून ठेवावी. २४० दिवस भरले हे दाखविण्याची वेळ आली तर तोंडचे शब्द उपयोगी पडत नाहीत. ‘उद्यापासून येऊ नका’ असे कोणी तोंडी सांगितले तर ते लेखी मागावे : हा ले-ऑफ आहे, कपात आहे की आणखी काही? त्या एका शब्दावर पुढचा सारा हिशेब अवलंबून असतो. ले-ऑफ असेल तर रोज दारावर जाऊन हजेरी लावावी, घरी बसून राहू नये. कोऱ्या कागदावर किंवा ‘राजीनामा’ लिहिलेल्या कागदावर सही करू नये. राजीनामा दिला की ले-ऑफही नाही आणि कपातीची भरपाईही नाही. तंटा पडलाच तर कामगार खात्याच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. एकट्याने जाण्यापेक्षा चौघांनी मिळून जावे.

आमच्यासारख्या घरांतून कॉलेजात आलेली मुले ही घरातली पहिली वाचणारी माणसे असतात. घरात सरकारी पाकीट आले की ते आपल्याच हाती दिले जाते. वडिलांच्या पगाराची चिठ्ठी, वहिनीचा ठेकेदाराशी झालेला करार, मामाचे विम्याचे कार्ड हे सारे कागद आपण वाचू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण बंधारे बांधतो, झाडे लावतो. तसाच एखादा दिवस गावात बसून लोकांचे हे कागद वाचून दाखविण्याचा उपक्रम आपल्या महाविद्यालयाने हाती घ्यावा, अशी प्राध्यापकवर्गास नम्र विनंती आहे. १ जूनपूर्वीचा एखादा रविवार त्यासाठी सोयीचा पडेल. त्या वेळी खलाशांचे हिशेब होतात, आणि हिशेब होत असतानाच तो वाचणारे कोणी तरी शेजारी असावे लागते.